आत्म्याची बेबाकी

कोल्हापुरात बागल चौकातील कबरस्तानाकडे एखादा जनाजा निघालेला असतो. खांदेकऱ्यांनी तो नमाजासाठी खाली ठेवलेला असतो. मंडळी पादत्राणे काढून, पश्चिमेकडे तोंड करून रांगा धरीत असतात. आणि इमामाने पहिली तकबीर म्हणण्यापूर्वी मृताचा थोरला मुलगा, किंवा मुलगा नसल्यास भाऊ, दोन पावले पुढे येऊन, आवाज शक्य तितका स्थिर ठेवीत सांगतो, की आमच्या अब्बांकडे कुणाचे काही देणे निघत असेल तर ते आता माझ्याकडे समजावे, मी ते फेडीन. आणि बोलण्याचालण्यात त्यांनी कुणाचे मन दुखवले असेल तर अल्लाच्या वास्ते त्यांना माफ करावे. रांगेतून ‘माफ केले’ असे पुटपुटणे ऐकू येते. मग चार तकबिरींची ती छोटी नमाज होते. तिच्यात रुकू नाही, सजदा नाही, सारे उभ्यानेच. दुरून पाहणाऱ्या परधर्मीयाचे लक्ष स्वाभाविकपणेच फुलांच्या चादरीकडे आणि अत्तराच्या वासाकडे जाते. मुलाचे ते दोन वाक्यांचे निवेदन त्याच्या कानांवरून निघून जाते. परंतु मरणापूर्वी आत्मा शुद्ध करावा हा जो इस्लामचा उपदेश, त्याचा या करवीर नगरीतील इतिहास त्या दोन वाक्यांत साठलेला आहे, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे.

मुलगा हे बोलतो याचे कारण हदीसमध्ये आहे. कर्ज शिरावर ठेवून मेलेल्या एका मनुष्याचा जनाजा पैगंबरांपुढे आला, तेव्हा त्यांनी त्याची नमाज पढवण्याचे थांबवले. अबू कतादा नामक त्यांच्या सहकाऱ्याने ते दोन दिनारांचे देणे आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच नमाज झाली. धर्मासाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्याचीही सारी पापे क्षमा होतात, पण कर्ज माफ होत नाही, असेही तीच परंपरा सांगते. इस्लामी नीतिशास्त्राने मनुष्यावरील हक्कांचे दोन विभाग केले आहेत: अल्लाचे हक्क आणि बंद्यांचे, म्हणजे माणसांचे, हक्क. पहिल्या विभागात जे चुकले असेल ते तौबा केल्याने, म्हणजे मनापासून पश्चात्ताप करून परत फिरल्याने, परमेश्वर आपल्या कृपेत माफ करू शकतो. दुसऱ्या विभागातले मात्र ज्याचे त्यानेच माफ केले पाहिजे. खरा मुफलीस, म्हणजे दिवाळखोर, कोण, या प्रश्नाला पैगंबरांनी दिलेले म्हणून जे उत्तर सांगतात त्याचा आशय असा, की जो नमाज-रोजांची मोठी पुंजी घेऊन येतो, परंतु ज्याने कुणाला शिवी दिलेली असते, कुणाचा पैसा खाल्लेला असतो, कुणाला मारलेले असते, आणि म्हणून ज्याची सारी पुण्याई त्या पीडितांना वाटून देण्यातच संपून जाते, तो खरा मुफलीस होय.

अंतःकरणशुद्धीला अरबी भाषेत ‘तजकिया’ म्हणतात. कुराणात नफ्सच्या, म्हणजे जीवाच्या, तीन अवस्था येतात: वाइटाकडे ओढणारा ‘अम्मारा’, स्वतःलाच दोष देणारा ‘लव्वामा’ आणि समाधान पावलेला ‘मुत्मइन्ना’. पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जाण्याचा प्रवास म्हणजेच तजकिया. आणि ज्याने जीव शुद्ध केला तो तरला, असा कुराणाचा निर्वाळा आहे. इसवी सन ८५७ मध्ये निवर्तलेल्या बगदादच्या हारिस या साधूला लोक ‘मुहासिबी’ म्हणत, कारण तो अहोरात्र स्वतःच्या मनाचा हिशेब तपाशीत असे. पुढे ११११ मध्ये तूस येथे देह ठेवणाऱ्या इमाम गजालीने ‘इह्या’ या आपल्या चाळीस प्रकरणांच्या महाग्रंथात या आत्मपरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि शेवटचे, चाळिसावे प्रकरण मृत्यूच्या स्मरणाला वाहिले. व्यापारी जसा संध्याकाळी आपल्या भागीदाराकडून दिवसाचा हिशेब समजून घेतो, तसा मनुष्याने स्वतःच्या जीवाकडून घ्यावा, असा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

हा विचार दख्खनच्या पठारावर उतरला तो ग्रंथांतून कमी आणि माणसांच्या संगतीतून अधिक. दिल्लीहून दौलताबादेस आणि तेथून गुलबर्ग्यास येऊन १४२२ मध्ये तेथेच समाधिस्थ झालेले ख्वाजा बंदानवाज गेसूदराज, विजापूरचे मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे चिरंजीव बुऱ्हानुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला, मिरजेचे मीरासाहेब: या सत्पुरुषांच्या खानकांचे आणि दर्ग्यांचे जे जाळे विणले गेले, त्याच्या छायेत कोल्हापूर, पन्हाळा, विशाळगड हा सारा मुलूख होता. पन्हाळा दीर्घकाळ विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि मिरज तर कोल्हापुरापासून एका दिवसाच्या मजलेवर. या सूफींच्या परंपरेतून दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ नावाची गीते निर्माण झाली. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने खुंटा हातात धरावा आणि तो खुंटा म्हणजे अल्लाच्या नावातील पहिले अक्षर ‘अलिफ’ आहे असे मनात आणावे, दळण खाली पडत असता जीवही तसाच बारीक होत जावा, अशी ती शिकवण होती. ज्या ओवीने मराठी स्त्रीला विठ्ठल जात्यापाशी भेटवला, तिच्या शेजारच्याच घरात दुसरी स्त्री दळता दळता आपल्या जीवाचा कोंडा निराळा करीत होती. आणि मौलवीच्या प्रवचनाला ज्या स्त्रियांना जाता येत नसे, त्यांच्यापर्यंत तजकिया पोहोचला तो या मार्गाने.

याच काळात दुसरी एक घटना घडत होती. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने दप्तरातील हिशेब फारसीऐवजी येथल्या देशी भाषेत ठेवण्याची प्रथा पाडल्याचे इतिहासकार फरिश्ता नमूद करतो. त्यामुळे महालोमहालचे कुलकर्णी आणि देशपांडे मोडी लिपीत जमाखर्च लिहू लागले खरे, पण त्या जमाखर्चाचे शब्द फारसीचे आणि फारसीत आलेले अरबीचेच राहिले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून संस्कृत प्रतिशब्दांची योजना केली. तरीही हिशेब, बाकी, वसूल, हक्क, अनामत, जामीन, कबुली, माफी, फारकत हे शब्द रयतेच्या जिभेवरून उतरले नाहीत. १७१० मध्ये महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावर करवीरची गादी स्थापिली, त्या गादीच्या कागदपत्रांतही हीच भाषा नांदली.

या शब्दांकडे किंचित थांबून पाहावे. कयामतच्या दिवशी द्यावयाचा तो ‘हिसाब’, आणि चावडीत कुलकर्ण्यापुढे द्यावयाचा तो ‘हिशेब’. मुहासिबीच्या नावातही तोच धातू. ईश्वराने मनुष्याकडे ठेवायला दिलेला प्राण ही ‘अमानत’, आणि सावकाराकडे ठेवलेली रक्कम ही ‘अनामत’. पापापासून ईश्वराकडे परत वळणे हा ‘रुजू’, आणि रजेवरचा कारकून कामावर परततो तोही ‘रुजू’ होतो. शेतसारा पुरता भरून बाकी शून्य झाली म्हणजे आमचे जुने लोक खाते ‘बेबाक’ झाले असे म्हणत. आणि मरणशय्येवरच्या वृद्धाने सर्वांची माफी मागून, देणी चुकती करून डोळे मिटले, तर त्याच्याविषयीही ‘बेबाक होऊन गेला’ याहून नेमका शब्द सापडणार नाही. आत्मशुद्धीची परिभाषा आणि महसुलाची परिभाषा एकाच भाषेतून आल्यामुळे येथल्या सामान्य मुसलमानाला, त्याने मदरशाचे तोंड पाहिलेले नसले तरी, तजकियाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. तो त्याच्या रोजच्या बोलण्यात आधीच होता.

मराठी वाङ्मयानेही हा अर्थ आपलासा केला. श्रीगोंद्याचे शेख महंमद कादरी परंपरेतील चांद बोधल्यांचे शिष्य. त्यांनी शके १५६७ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४५ च्या सुमारास, ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ पुरा केला. त्याच्या नावातच त्याचा विषय आहे: काम, क्रोध, अहंकार यांच्या सैन्याशी साधकाने करावयाचे युद्ध. नफ्सशी केलेले युद्ध हेच थोर युद्ध, ही सूफींची धारणा येथे मराठी ओवीचा पोशाख घालून उभी राहिली आहे. बिदरच्या बहामनी कुळाशी ज्यांचे नाते परंपरा जोडते ते शहा मुंतोजी तर मराठीत ‘मृत्युंजय’ या नावानेच लिहीत. आपल्या ‘पंचीकरणा’त त्यांनी वेदान्ताच्या संज्ञा आणि सूफींच्या संज्ञा परस्परांशेजारी मांडून दाखवल्या. मरण्यापूर्वी मरून घ्यावे, हे सूफींचे आवडते वचन. आणि आपले मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिल्याचा सोहळा वर्णिणारे तुकोबा. हे दोन अनुभव एकाच मातीत, एकाच शतकात वावरत होते, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये.

कोल्हापूरच्या वाट्याला या शिकवणीचा एक खास दृष्टांत आला. तालीम हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. कोल्हापुरात मात्र तालीम म्हटली म्हणजे लाल मातीचा हौदा, जोर-बैठका आणि लंगोटातले मल्ल डोळ्यांपुढे येतात. बाबुजमाल, अवचितपीर, काळाइमाम अशी तालमींची नावे पिरांवरून पडलेली असून, मोहरमात त्यांच्यांतील पंजांची सेवा हिंदू आणि मुसलमान दोघेही करतात. १९१२ मध्ये शाहू छत्रपतींनी खासबागेचे कुस्ती मैदान खुले केले त्या नगरीत, बलवान तो नव्हे जो कुस्तीत दुसऱ्याला चीत करतो, बलवान तो जो रागाच्या क्षणी स्वतःला आवरतो, हे पैगंबरांचे वचन जेव्हा जुम्याच्या खुतब्यात सांगितले जात असेल, तेव्हा ते किती जणांना आपल्या गल्लीतलेच वाटले असेल! नफ्स हा प्रतिमल्ल आहे, आणि त्याच्याशी होणारी कुस्ती निकाली व्हावयाची ती प्राण जाण्यापूर्वीच. पुढे डाव उरत नाही.

खेड्यांत हा आचार टिकवून धरला तो मुलाण्याने. गावगाड्याच्या वतनदारांत मुलाण्यालाही स्थान होते. बकरे हलाल करणे, मशिदीची दिवाबत्ती पाहणे, लग्नाला आणि मयताला उभे राहणे ही त्याची कामे, आणि सुगीला शेतकऱ्यांकडून मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला. मोठ्या गावी कसब्यात काजी असे. त्याच्या सनदा मराठी राज्यातही चालू राहिल्या. पण ज्या वाडीत मुसलमानांची दोन-चारच घरे, तेथे मरणाऱ्याच्या उशाशी बसून कलमा म्हणणारा मुलाणीच. त्याचे अरबी शुद्ध असेलच असे नाही. परंतु कोणाचे बी-बियाणे कोणाकडे उसने आहे, कोणत्या बांधावरून दोन भावांचे बोलणे बंद आहे, हे त्याला तोंडपाठ असे. म्हणून आजारी माणसाची शुद्ध हरपण्यापूर्वी त्या रुसलेल्या भावाला बोलावून आणण्याचे कामही त्याच्याकडे येई. आत्मशुद्धीच्या इतिहासात अशा अनाम मुलाण्यांची गणना ग्रंथकारांच्या बरोबरीने व्हावी, अशी माझी नम्र धारणा आहे.

हिशेबाची ही पूर्तता निरोगी मनुष्यही करीत असे, आणि तो प्रसंग हजयात्रेचा. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग झाला, तेव्हापासून या भागातील हाजी रेल्वेने मुंबई गाठीत आणि तेथून आगबोटीने जिद्दाला जात. समुद्राचा प्रवास, वाटेतले रोगराईचे भय. परत येऊ याची शाश्वती कोणी धरीत नसे. म्हणून निघण्यापूर्वी हाजी घरोघर जाऊन ‘कहासुना माफ करा’ म्हणे, वाण्याची उधारी देई, वसियत लिहून ठेवी. वसियतीलाही शरियतने मर्यादा घातली आहे: कफन-दफनाचा खर्च आणि कर्जे वजा जाता जी मिळकत उरेल, तिच्या एक-तृतीयांशापलीकडे वसियत करता येत नाही, बाकीचा हक्क वारसांचा. हाजी बरोबर घेई ती इहरामची दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रे कफनाची आठवण देणारीच. म्हणून हजयात्रा ही एका अर्थी मृत्यूची तालीम ठरे. आज विमान चार-पाच तासांत जिद्दाला पोहोचते, तरी निघण्यापूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांची माफी मागण्याचा प्रघात सुटलेला नाही, आणि हाजीला हार घालण्यास येणाऱ्यांत हिंदू शेजारीही असतात.

प्रत्यक्ष अंतकाळ जवळ आला म्हणजे घर निःशब्द होते. आजाऱ्याची खाट अशी फिरवतात की डोके उत्तरेस यावे आणि तोंड उजवीकडे वळवले असता किब्ल्याकडे, म्हणजे पश्चिमेस व्हावे. (हिंदू घरांत जिवंतपणी उत्तरेस डोके करून निजू नये म्हणतात, कारण ती दिशा मृताची, दोन्ही घरांना त्या दिशेचा अर्थ ठाऊक आहे.) कोणी हलक्या आवाजात यासीन हा कुराणाचा छत्तिसावा सूरा पढू लागतो. हाजीने आणलेल्या जमजमच्या पाण्याचे थेंब कापसाने ओठांवर सोडले जातात, जसे शेजारच्या घरात गंगाजळ आणि तुळशीपत्र. जवळच्या माणसाने कलमा ऐकू जाईल असा म्हणावा. मात्र मरणाऱ्याला ‘म्हण, म्हण’ असा आग्रह करू नये, त्या घायकुतीत तो त्रासून नको ते बोलेल, अशी जाणत्यांची ताकीद असते. प्राण कंठाशी येऊन घरघर लागेपर्यंत तौबेचे दार उघडे असते. हा विश्वास त्या खोलीतल्या सर्वांना धीर देतो. आई जात असेल तर मुले तिचे पाय धरून ‘दूध बख्श दे’ म्हणतात. बालपणी प्यालेल्या दुधाचे ऋण कोणत्या तागडीने फेडावे? ते तिने माफच करावे लागते.

मग गुसल, म्हणजे मृताला घालावयाचे स्नान. बोरीचा पाला घालून कोमट केलेले पाणी, नाभीपासून गुडघ्यापर्यंत सतत ठेवलेला पडदा, हाताला गुंडाळलेले फडके. आधी उजवी बाजू, मग डावी. तीनदा, आणि गरज पडल्यास पाचदा, म्हणजे संख्या विषम राहील अशी. कपाळ, नाक, तळहात, गुडघे आणि पावले या सजद्यात जमिनीला टेकणाऱ्या अवयवांना कापूर लावतात. पुरुषाला तीन वस्त्रे, स्त्रीला पाच. धुणाऱ्याने मृताच्या देहावर जे दिसेल ते बाहेर बोलू नये, हा या कामाचा पहिला दंडक. आणि तरीही धर्मशास्त्राचा स्पष्ट अभिप्राय असा, की हे पाणी देह धुते. आत्मा ज्याचा त्याने, हात चालत होते तेव्हाच, धुऊन ठेवावयाचा.

येथे एका अपप्रकाराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. नवरा मरण पावला म्हणजे जनाजा उचलण्यापूर्वी विधवेला पुढे आणून तिच्याकडून ‘मेहेर माफ’ असे वदवून घेण्याची रूढी आपल्या भागात बरीच प्रचलित होती आणि अद्यापि पूर्णपणे गेलेली नाही. मेहेर, म्हणजे निकाहात बायकोला कबूल केलेली रक्कम, हे कायद्याने आणि धर्माने नवऱ्यावरचे कर्ज होय. ते त्याच्या मिळकतीतून प्रथम फेडले पाहिजे. आयुष्यभर न दिलेले देणे, शोकाने जिचे भान हरपले आहे अशा स्त्रीकडून चारचौघांत माफ करून घेणे, ही शुद्धी नव्हे. तो मृताच्या शिरावर आणखी एक बोजा आहे. जो आचार बंद्यांच्या हक्कांसाठी निर्माण झाला, त्याच्याच नावाने एका बंदीचा हक्क बुडवला जावा, याहून मोठा विपर्यास नाही.

ही समज यावी तर धर्म स्वतःच्या भाषेत कळला पाहिजे, हे छत्रपती शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०६ मध्ये त्यांनी कोल्हापूरच्या मुसलमान पुढाऱ्यांना एकत्र करून शिक्षणसंस्था उभारली, तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग हे त्या कार्याचे आजचे रूप. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणूनही त्यांनी दरबारातून द्रव्यसाहाय्य दिले. जी वचने मुलाणी केवळ पाठ म्हणत होता, त्यांचा अर्थ त्याच्या मुलाने मराठीत वाचावा, ही त्या राजाची इच्छा होती.

२०२० आणि २०२१ च्या महामारीत या साऱ्या आचाराची कसोटी लागली. यासीन पढायला उशाशी कोणी नाही, गुसलाला पाणी नाही, माफी मागायला आप्त नाहीत. शास्त्रकारांनी पाण्याच्या अभावी मातीने करावयाच्या तयम्मुमच्या सवलतीचे स्मरण करून दिले. त्या दिवसांत कोल्हापुरातील बैतुलमाल समितीचे कार्यकर्ते पुढे आले आणि ज्यांच्या देहांना हात लावण्यास घरचे धजत नव्हते अशा मृतांना, ते कोणत्या धर्माचे हे न पाहता, ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे कबरस्तानात किंवा स्मशानात पोहोचवीत राहिले. बंद्यांचा हक्क तो बंदा मेल्यावरही शिल्लक राहतो, हे त्यांनी न बोलता दाखवले.

वाचकहो, तुमचा धर्म कोणताही असो, तुमच्या खात्यावर कुणाचे तरी उसने घेतलेले पैसे असतील, कुणाला बोललेला कठोर शब्द असेल, कुणा भावाशी वर्षानुवर्षे धरलेला अबोला असेल. तो जनाजा खाली ठेवल्यावर तुमच्या मुलाला पुढे येऊन सांगावे लागेल अशी वाट पाहू नका. आज संध्याकाळी त्या घरी जा, आणि खाते बेबाक करून या.